त. ब.

घड्याळ आधी पालथं घालायचं, सोलकर म्हणाले,
तोंडावरून कुणीही फसतं.

मनामाच्या जुन्या सूकमध्ये, बाब अल-बहरीनच्या पाठी,
अत्तरवाला आणि शिंपी यांच्या मधल्या फटीत
एक स्टूल, एक दिवा, आणि अब्बास सोलकर, मूळ हर्णैचे.
मराठी ऐकून त्यांनी भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवलं.

मी म्हटलं, हे कंपनीने दिलेलं.
बाबा ड्राय-डॉकला वेल्डर होते.
पाच वर्षं झाली तेव्हा मिळालं, असं सांगायचे.
मला फक्त नक्की मॉडेल हवंय. विम्यासाठी.
(विमा वगैरे काही नव्हता.)

झाकणावर चार आकडे, शेपटी, पुन्हा चार.
पहिले यंत्राचे, दुसरे पेटीचे.
खाली बारीक रांगेत पहिला आकडा साल सांगतो,
दुसरा महिना.
"दशक मात्र सांगत नाय. ते माणसाला विचारायचं."
एक होता. एकाहत्तर, नाहीतर एक्क्याऐंशी.
बाबा शहात्तरला निघाले.
एक्क्याऐंशी, मी म्हटलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल
काहीतरी सिद्ध केल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी ते सुलटं केलं.
"पेटी कंपनीवाल्यांची. बरोबर.
पण सहाच्या वर हिरवं गलबत हवं.
बाराच्या खुणेला दोन दांड्या हव्यात. इथे एकच.
ही तबकडी बाजारातली."

मी गप्प.
शेजारी शिंप्याचं मशीन चालू झालं, थांबलं.

रबरी चेंडू झाकणावर दाबून त्यांनी तो उलटा फिरवला.
आत, मालकाला कधीच दिसत नाही अशा जागी,
सुईने ओरखडलेल्या नोंदी.
एक अरबी आकड्यांत. त्यांचा पाच मी शून्य वाचला,
त्यांनी दुरुस्त केलं.
एक कसलीशी गोल लिपी, केरळची असावी.
आणि तिच्याखाली, काठाला धरून:
त. ब. १२-२-८६

तबकडी बदलली, ते म्हणाले.
मग भिंग काढलं, फडक्याने पुसलं, परत लावलं.
"अक्षर माझंच आहे."

आठवतात तुम्हाला?

"माणूस नाय आठवत.
त्या साली डॉकमधून खूप जणांना काढलं.
दोन-तीन जण असेच येऊन बसले.
घड्याळ चांगलं आहे, म्हणायचे, घड्याळ राहू दे.
गलबत तेवढं काढ."

शहाऐंशीच्या मार्चात बाबा गुहागरला परतले.
आम्हाला सांगितलं, कंटाळा आला.

सोलकरांनी खणातून बिस्किटांचा डबा काढला.
त्यात कापसावर तबकड्या, सोललेल्या लिंबाच्या चकत्यांसारख्या.
एकीवर हिरवं शीड.
"आता गोरे येतात हिच्यासाठी. बसवली तर किंमत आठपट.
मॉडेल पण पुरं होईल."
ही त्यांचीच का?
"सगळ्या सारख्याच असतात, बाई."

मी नको म्हटलं. लगेच नाही, पण म्हटलं.

झाकण बसवून ते किल्ली फिरवत होते,
खिडकीत वार सरकत होते,
एक इंग्रजी, एक अरबी, एक इंग्रजी, एक अरबी,
आणि मग तो लाल.
लहानपणी भावाची आणि माझी पैज लागायची.
लाल म्हणजे रविवार, आम्ही ठरवलं होतं,
फक्त हे घड्याळ चुकतं, दोन दिवस पुढे पळतं.
बाबांनी कधी सांगितलं नाही.
पण दर शुक्रवारी, कुठे जायचं नसताना,
ते घोटून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे,
आणि जेवणानंतर टेबलाशी बसायचे,
पत्र लिहायला बसतो तसे,
कागद न घेता.

पावतीवर काय लिहू, सोलकरांनी विचारलं.
पेटी कंपनीची, मी म्हटलं, तबकडी बाजारातली.
दोन्ही लिहा.

त्यांनी दोन्ही लिहिलं. पैसे घेतले नाहीत.
"रात्री नऊ ते तीन वार बदलू नका," ते म्हणाले.
"तेव्हा चाक आपणहून फिरत असतं.
घाई केली तर दात मोडतात."